विश्लेषण : दर चार वर्षांनी नवी पाटी… अमेरिकी विद्यापीठांतील कॅथलिक विद्यार्थी केंद्रे टिकवणे कठीण का?

इंग्लिश धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमन यांना पोप लिओ चौदावे यांनी १ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘डॉक्टर ऑफ द चर्च’ हा दुर्मीळ मान दिला. त्यांच्याच नावाची ‘न्यूमन सेंटर्स’ अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत आहेत. ही केंद्रे चालवणे मात्र दिवसेंदिवस अवघड होत आहे. त्याची कारणे काय?

न्यूमन सेंटर म्हणजे काय?

कॅथलिक नसलेल्या, विशेषतः सरकारी विद्यापीठांत शिकणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्यांसाठीचे हे केंद्र. एक प्रार्थनागृह, एक हॉल, स्वयंपाकघर आणि अभ्यासाची जागा असे त्याचे साधारण रूप. रविवारी संध्याकाळची मिस्सा आणि त्यानंतरचे जेवण हा आठवड्याचा मुख्य कार्यक्रम. पहिला न्यूमन क्लब पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९३मध्ये सुरू झाला.

सर्वांत मोठी अडचण कोणती?

सदस्यांची गळती. शंभर जणांचा गट असेल, तर दरवर्षी साधारण २५ जण पदवी घेऊन बाहेर पडतात. म्हणजे संख्या आहे तिथेच राखायलाही दरवर्षी २५ नवे चेहरे हवेत. चार वर्षांत जवळपास अख्खा गट बदलतो. चांगले नेतृत्व तयार होते तोच दीक्षान्त समारंभ येतो. पुरुषोत्तम करंडकासाठी तालमी करणाऱ्या कॉलेजांना हे दुखणे चांगलेच माहीत आहे. अनुभवी मुले बाहेर पडली की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

पैसा कुठून येतो?

नेहमीच्या चर्चला स्थानिक कुटुंबांच्या दानाचा आधार असतो. इथे भाविकच शैक्षणिक कर्जाखाली असतात. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये निकाल दिला, की सरकारी विद्यापीठ इतर विद्यार्थी संघटनांना जागा देत असेल, तर धार्मिक गटाला ती नाकारता येणार नाही. त्यामुळे बैठकीला खोली मिळते. पण धर्मगुरूचे मानधन आणि केंद्राच्या छपराची दुरुस्ती यांचा भार धर्मप्रांत व माजी विद्यार्थ्यांवरच पडतो. धर्मप्रांताचे बजेट आखडले, की कात्री इथेही लागते.

मनुष्यबळाचे काय?

अमेरिकेत १९७०मध्ये सुमारे ५९ हजार कॅथलिक धर्मगुरू होते. आता ते सुमारे ३४ हजार आहेत. त्यामुळे एकाच धर्मगुरूकडे चर्च आणि कॅम्पस अशी दुहेरी जबाबदारी येऊ शकते. त्यातच विद्यार्थ्यांचा लाडका धर्मगुरू बदलून गेला, की गट विस्कळीत होण्याचा धोका असतो.

तरुण दूर जात आहेत का?

प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २००७मध्ये २४ टक्के अमेरिकी प्रौढ स्वतःला कॅथलिक म्हणवत. २०२३-२४मध्ये १९ टक्के. याच काळात कोणताही धर्म न सांगणारे १६ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. धर्म न सांगण्याचे प्रमाण तरुणांत अधिक आहे. दुसरीकडे, तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३मध्ये एकटेपणाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरवले. घरापासून दूर आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला रविवारचे जेवण आणि ओळखीचे चार चेहरे मिळणे, ही म्हणूनच केवळ धार्मिक बाब राहत नाही.

उपाय काय?

१९९८मध्ये सुरू झालेली ‘फोकस’ ही संस्था नुकतेच पदवीधर झालेल्या तरुणांना कॅम्पसवर पाठवते. आपल्या मानधनासाठी देणगीदार त्यांनीच शोधायचे असतात. इलिनॉय विद्यापीठात न्यूमन केंद्राचे स्वतःचे वसतिगृह आहे. त्यातून उत्पन्न मिळते आणि मुले एकत्रही राहतात. पण यातून नवा पेच उभा राहतो. आतला गट जितका घट्ट, तितके बिचकत आलेल्या नवख्याला दार बंद वाटते. म्हणूनच पीएचडीचे विद्यार्थी, प्राध्यापक अशा अधिक काळ टिकणाऱ्यांना जोडून घेणे महत्त्वाचे ठरते.

भारतात काय स्थिती?

इथे ‘ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन’ १९२४पासून काम करते. मुंबईच्या सेंट झेवियर्ससारखी कॅथलिक महाविद्यालये असल्याने जागेचा प्रश्न तुलनेने सौम्य आहे. पण वसईचा मराठी भाषिक कॅथलिक विद्यार्थी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा एमएससाठी अमेरिकेत गेला, की त्याच्यापुढेही हाच प्रश्न येतो. तो गेल्यावर त्याच्या जागी कोण? इमारत देणगीतून उभी राहते. ही साखळी मात्र प्रत्येक बॅचला नव्याने जोडावी लागते.