ल्युपस मेंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा

घरातली सून म्हणते, "हल्ली काही लक्षातच राहत नाही." आपण म्हणतो, झोप झाली नसेल. ती चिडू लागली की म्हणतो, स्वभाव बदलला. आणि एखाद्या दिवशी तिला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर 'असर झालाय' असे कुणीतरी हळूच सुचवतेच. पण तिला आधीपासून सांधेदुखी, गालांवर लाल चट्टे, तोंडात फोड, केसगळती, वारंवार बारीक ताप किंवा उन्हाचा त्रास असेल, तर आपल्याला एका आजाराचे नाव माहीत असायला हवे. ते नाव आहे ल्युपस.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच यात आपल्या अवयवांवर उलटते. दर 10 रुग्णांत सुमारे 9 स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो 15 ते 45 या वयात गाठतो. शिक्षण, निकाह, बाळंतपण यांचीच ही वर्षे. सांधे, त्वचा आणि मूत्रपिंड यांना ल्युपसचा त्रास होतो हे काहींना ठाऊक असते. मेंदूचे मात्र फारसे कुणी बोलत नाही.

मेंदूला इजा होते ती मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट रक्तवाहिन्यांची. काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये तयार होतात की रक्ताच्या गुठळ्या होऊ लागतात. मोठी वाहिनी बंद झाली तर तरुण वयातही लकवा येतो. बारीक वाहिन्या बंद झाल्या तर मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात लहान लहान डाग उरतात. हीच प्रतिद्रव्ये वारंवार गर्भपातालाही कारण ठरतात. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 साली या विकाराचे वर्णन केले. म्हणून पुन्हा पुन्हा गर्भ पडणाऱ्या मुलीला दोष देण्याआधी तिचे रक्त तपासून घ्यावे.

दुसरी वाट सुजेची. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक संरक्षक पडदा असतो. तो सैल झाला की प्रतिद्रव्ये आत शिरून मेंदूच्या पेशींना त्रास देतात. त्यातून फिट येणे, भ्रम होणे, खूप उदास वाटणे, गोंधळून जाणे असे प्रकार घडतात. 1999 साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ल्युपसमधील मेंदू, मज्जातंतू व मनाच्या विकारांचे 19 प्रकार निश्चित केले.

आजार बरीच वर्षे राहिला तर काहींच्या मेंदूचे आकारमान थोडे घटते. नव्या गोष्टी लक्षात ठेवणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग, तसेच मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल, हे काही रुग्णांत लहान झालेले एमआरआय तपासणीत दिसले आहेत. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एमआरआय स्वच्छ आला म्हणजे त्रास खोटा, असे नव्हे. तसेच डाग दिसला म्हणजे तो ल्युपसचाच, असेही नव्हे. रक्तदाब, संसर्ग आणि स्टेरॉइडचे दुष्परिणाम हेही डॉक्टरांना तपासावे लागतात.

उपचार आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी बहुतेकांना दीर्घकाळ घ्यावी लागते. तिच्यासाठी डोळ्यांची तपासणी वेळोवेळी करावी. सूज जास्त असेल तर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे, गुठळ्यांचा विकार असेल तर रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा स्वतःच्या मनाने बदलू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला रोजाची सवलत आहेच.

फिट आली, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा वागणे एकाएकी बदलले, तर सकाळची वाट पाहू नये. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि "हिला ल्युपस आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे. दुआ आपण जरूर करू, पण दवेला उशीर होऊ देऊ नये. आणि विसरणाऱ्या सुनेला आळशी म्हणण्याऐवजी गोळ्यांच्या वेळा एका वहीत लिहून द्याव्यात, कामे वाटून घ्यावीत. घरच्यांना एवढे नक्कीच करता येते.