यंदाची सहल: सावंतवाडी की पैठण?

गटाची सहल म्हटली की आपण गाडी ठरवतो, दर्शन घेतो आणि परततो. यंदा थोडं थांबून हाताचं काम बघूया.

एक गाव सावंतवाडी. तळकोकणात, धो धो पावसाच्या मुलखात. मधोमध मोती तलाव, जवळच राजवाडा. चितारआळीत लाकडी खेळणी आणि खरीच वाटावीत अशी लाकडी फळं मिळतात. राजवाड्यात गंजिफा रंगवतात. हे खेळायचे गोल पत्ते. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी १२.

दुसरं पैठण. मराठवाड्यात, कमी पावसाच्या मुलखात, गोदाकाठी. ही सातवाहनांची जुनी राजधानी. इथे एकनाथ महाराजांची समाधी आहे, जवळच जायकवाडी धरण. नाथषष्ठीला फार गर्दी होते, तेव्हा तो दिवस टाळलेला बरा. हातमागावरची पैठणी बघताना पदर उलटून पाहा. हाताने विणलेली नक्षी दोन्हीकडून सारखी दिसते, मागे धागे लोंबत नाहीत.

माग चालताना पाहिला की साडी महाग का, हे विचारावं लागत नाही. आपल्या पापड-गोधडीचा भाव ऐकून गिऱ्हाईक नाक मुरडतं, कारण आपले कष्ट त्याला दिसत नाहीत. मग आपणही आपलं काम लोकांसमोर का करू नये? सहलीहून येताना हा विचार सोबत आणूया, आणि खरेदी शक्यतो कारागिराकडूनच करूया.