भंगारात देण्याआधी झाकण उघडून पाहा

घरातला जुना कॉम्प्युटर बंद पडला की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते, "आता नवीनच घ्यावा लागणार." पण परळीसारख्या गावात, जिथे एका पगारावर किंवा एका छोट्या दुकानावर सहा-सात माणसांचे घर चालते, तिथे हा खर्च सोपा नसतो. मुलांची फी, लग्नकार्य, दवाखाना यांतून वाट काढतच तो करावा लागतो. म्हणून आधी झाकण उघडून पाहावे. जुन्या कॉम्प्युटरची पुष्कळशी दुखणी धूळ, उष्णता आणि एका लहानशा सेलमुळे असतात.

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१२ साली घेतलेला. गेल्या उन्हाळ्यात बटण दाबले की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पण स्क्रीन काळीच. दुरुस्तीवाल्याचे उत्तर होते, "मदरबोर्ड गेला, भंगारात द्या." आम्हाला काळजी दोन गोष्टींची होती. मुलगी दहावीत होती. आणि अब्बांचे सगळे उर्दू लिखाण, घराण्याच्या शजऱ्यासह, याच डिस्कवर होते. अब्बा आता आपल्यात नाहीत.

पंखा फिरतो पण स्क्रीन येत नाही, ही तक्रार बऱ्याच वेळा रॅमची असते. आधी प्लग काढावा, बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे आणि हात कॅबिनेटच्या लोखंडाला लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग रॅमच्या दोन्ही कडांच्या खिट्ट्या दाबून ती पट्टी बाहेर काढावी, तिच्या सोनेरी कडेवर साधे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, कचरा झटकून पट्टी 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवावी. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहावी. आमचा कॉम्प्युटर एवढ्यावरच सुरू झाला. मदरबोर्ड शाबूत होता.

दुसरे दुखणे म्हणजे सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडणे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, त्यात रस्त्यावरून उडणारी धूळ आणि राख. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीचा गालिचा साचला की उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. मऊ ब्रश आणि ब्लोअरने सफाई करावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरमसाट फिरून बिघडते. प्रोसेसर आणि पंखा यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी.

तिसरे दुखणे तारखेचे. दर वेळी तारीख मागे जाते आणि मग शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा फॉर्म भरायला बसले की संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो. दोष इंटरनेटचा नसून मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा असतो. 'सीआर २०३२' हा तीन व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

एक डबा मात्र घरी मुळीच उघडू नये. वायरींचा जुडगा ज्यातून निघतो तो पॉवर सप्लाय. प्लग काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. तो बिघडला तर बदलावा. तसेच हार्ड डिस्कमधून 'कट-कट' आवाज येऊ लागला तर बाकी सगळे थांबवून आधी फाइलींची प्रत काढावी.

यंत्र सुरू झाले तरी आणखी एक प्रश्न उरतो. विंडोज १० चा नियमित सुरक्षा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांना मानवत नाही. अशा वेळी लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची 'बॉस' ही मोफत प्रणाली टाकता येते. दोन्हींत मराठी आणि उर्दू टाइप करता येते. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर तोच कॉम्प्युटर पुष्कळ चपळ होतो.

मात्र प्रणाली बदलण्यापूर्वी जुन्या फाइली पाहाव्यात. अनेक घरांत इनपेजमधले उर्दू आणि श्रीलिपीतले मराठी लिखाण पडून आहे. त्यातले बरेचसे युनिकोडमध्ये नाही, त्यामुळे दुसरीकडे उघडले की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. आम्ही अब्बांच्या फाइली आधी युनिकोडमध्ये बदलून घेतल्या, शिवाय त्यांची पीडीएफ केली. प्रती दोन पेनड्राइव्हवर ठेवल्या. एक आमच्या घरी, एक बाजींकडे. शजरा आता मुलांच्या मोबाइलवरही उघडतो.

इतके करूनही यंत्र चालले नाही, तर ते कचऱ्यात टाकू नये किंवा जाळून तांबे काढणाऱ्याला देऊ नये. त्या धुरात विषारी वायू असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. आणि देण्यापूर्वी चार स्क्रू खोलून हार्ड डिस्क काढून घ्यावी. घरातल्या बायका-मुलांचे फोटो, आधार आणि बँकेची कागदपत्रे तिच्यावरच असतात.