नौका आणि सायकल : एड्रियाटिकच्या बेटांतील प्रवास

प्रवासाचे दोन प्रकार आपल्या नित्य परिचयाचे आहेत. एकांत मनुष्य सामानाची चिंता वाहत गांवोगांव फिरतो. दुसऱ्यांत तो एके ठिकाणीं मुक्काम करून आसपासचा प्रदेश पाहतो. पहिल्यांत पुष्कळ दिसतें, पण बिऱ्हाड रोज उचलावें लागतें; दुसऱ्यांत विश्रांति मिळते, पण पाहणें थोडें होतें. या दोहोंचे गुण एकत्र आणणारा एक तिसरा प्रकार युरोपांत लोकप्रिय झाला आहे. त्यांत राहण्याचें घरच पाण्यावरून चालतें, आणि त्या घराच्या डेकवर बांधून ठेवलेल्या सायकली रोज सकाळीं धक्क्यावर उतरतात. अशा प्रवासास बेटांचा प्रदेश हवा, आणि क्रोएशिया देशाच्या किनाऱ्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सांपडेल. विद्यार्थ्यांस त्यांतील भूगोल व इतिहास आणि पालकांस त्यांतील व्यवस्था कळावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या किनाऱ्याच्या दक्षिण भागास डाल्मेशिया म्हणतात. नव्या करारांत दालमतिया या नांवानें ज्याचा उल्लेख येतो, तोच हा प्रांत. क्रोएशियाच्या किनाऱ्यालगत लहानमोठीं बेटें व खडक मिळून एक हजाराहून अधिक आहेत. परंतु मनुष्यवस्ती सुमारें पन्नास बेटांवरच आहे. हीं बेटें म्हणजे वस्तुतः बुडालेले डोंगर होत. हिमयुग संपून समुद्राची पातळी वाढली, तेव्हां किनाऱ्यास समांतर असलेल्या डोंगररांगांमधील दऱ्यांत पाणी शिरलें आणि माथे तेवढे वर राहिले. म्हणूनच पुष्कळ बेटें लांबट व अरुंद आहेत. ह्वार बेटाची लांबी सुमारें ६८ किलोमीटर आहे, परंतु रुंदी बहुतेक ठिकाणीं फारच थोडी. ब्राच बेटावरील विदोवा गोरा हें शिखर सुमारें ७८० मीटर उंच असून या समुद्रांतील बेटांवर त्याहून उंच शिखर नाहीं. बंदर सोडतांच चढण कां लागते, हें सायकलस्वारास निराळें समजावून सांगावें लागत नाहीं. त्याचे पायच त्यास भूगोल शिकवितात.

आतां या प्रवासाची व्यवस्था पाहूं. स्प्लित अथवा त्यासारख्या मोठ्या बंदरांतून आठवड्याच्या बोलीनें नौका निघते. तिच्यावर वीस-तीस प्रवाशांच्या निजण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर व भोजनगृह असतें. सकाळीं न्याहारी झाल्यावर प्रवासी एका बंदरांत सायकलींसह उतरतात. बेट ओलांडून ते दुसऱ्या बाजूच्या बंदराकडे जातात, आणि तोंपर्यंत नौका वळसा घालून तेथें येऊन थांबते. दिवसाचा पल्ला सामान्यतः वीस ते चाळीस किलोमीटरांचा असतो. सामान खोलींतच राहतें. पाठीवर पाणी, टोपी व थोडें खाणें असलें म्हणजे झालें. सोबत वाटाड्या असतो व तोच किरकोळ दुरुस्तीही करतो. ज्यांस चढण झेपत नाहीं त्यांच्यासाठीं विजेच्या साहाय्यानें चालणाऱ्या सायकली मिळतात, आणि एखादे दिवशीं थकवा आला तर नौकेवरच बसून पुढचें बंदर गांठतां येतें. एकाच कुटुंबांतील तरुण व वृद्ध यांस बरोबर नेणारा असा प्रवास दुसरा क्वचितच असेल. ज्यांस स्वतंत्रपणें जावयाचें असेल त्यांच्यासाठीं १९४७ सालीं स्थापन झालेल्या याद्रोलिनिया या सरकारी कंपनीच्या बोटी बेटांना जोडतात. मोटारी वाहणाऱ्या मोठ्या बोटींवर सायकल नेतां येते; वेगवान् लहान बोटींवर ती बहुधा घेत नाहींत, ही गोष्ट तिकिट काढण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावी.

या सर्व व्यवस्थेवर एक धनी आहे, व तो म्हणजे वारा. तेथील लोक तीन वारे मुख्य मानतात. उन्हाळ्यांत दिवसा वायव्येकडून वाहणारा मायेस्त्राल हा आपल्या कोंकणांतील खाऱ्या वाऱ्याचाच भाऊ. तो सकाळीं उठतो, दुपारीं जोर धरतो आणि सायंकाळीं निजतो. यूगो हा आग्नेयेकडून दमट हवा, ढग व मोठ्या लाटा घेऊन येतो. तिसरा बूरा, हा ईशान्येस डोंगरापलीकडे सांचलेली थंड हवा उतारावरून कोसळल्यासारखा येतो, व त्याचे झोत एकाएकीं येतात. अशा वेळीं शहाणा कप्तान नांगर उचलीत नाहीं. छापील कार्यक्रमांत लिहिलेलें बेट त्या दिवशीं दिसत नाहीं, म्हणून प्रवाशानें रागावूं नये. समुद्रावर हट्टापेक्षां धीर अधिक उपयोगी पडतो.

मोटारींतून न दिसणारें असें सायकलवरून काय दिसतें? प्रथम दिसतो तो दगड. बेटें चुनखडीचीं असल्यानें पावसाचें पाणी भेगांतून खालीं झिरपून जातें. त्यामुळें नद्या नाहींत, मातीही थोडी. लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या दगड वेंचून शेतें मोकळीं केलीं आणि त्याच दगडांचे चुन्यावांचून गडगे रचले. त्या गडग्यांच्या आधारानें जैतुनाचीं झाडें, अंजीर व द्राक्षमळे वाढले. घराच्या छपरावरील पाणी टांक्यांत सांठवून वर्ष काढावयाचें, ही तेथील जुनी रीत. आज ब्राच व ह्वार या बेटांस मुख्य भूमीवरील त्सेतिना नदीचें पाणी समुद्राच्या तळांतून नळांनीं येतें. ब्राचचा पांढरा दगड तर सम्राट् डायोक्लीशियन यानें इ. स. ३०० च्या सुमारास स्प्लित येथें बांधविलेल्या वाड्यास लागला. तो वाडा अद्यापि उभा असून त्याच्या भिंतींच्या आंत लोक राहत आहेत.

ह्वार नगरांतून डोंगर चढून जाणारा जुना रस्ता ब्रूस्ये गांवावरून स्तारी ग्रादकडे उतरतो. बोगद्याचा नवा रस्ता झाल्यापासून जुन्यावर वर्दळ कमी, म्हणून तो सायकलीस फार चांगला. उतार संपतां संपतां एक सपाट मैदान लागतें. इ. स. पूर्वीं ३८४ सालीं पारोस बेटावरून आलेल्या ग्रीक लोकांनीं येथें वसाहत केली व जमिनीचे सुमारें ९०० मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असे सरळ तुकडे पाडले. तेच बांध आज चोवीस शतकांनंतरही ओळखतां येतात आणि तेथें द्राक्षें व जैतून पिकत आहेत. २००८ सालीं युनेस्कोनें या मैदानास जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. राजवाडा टिकला तर आपण नवल करतों. शेतकऱ्याचा बांध टिकला, हें त्याहून मोठें नवल नव्हे काय?

परंतु बेटाचें जीवन नाजूकही असतें. बाहेरून आलेली वस्तु तेथून सहसा परत जात नाहीं. अमेरिकेंतील द्राक्षवेलींबरोबर युरोपांत आलेला फिलॉक्झेरा नांवाचा बारीक कीटक १९ व्या शतकाच्या अखेरीस डाल्मेशियांत पोंचला. त्यानें वेलींचीं मुळें खाल्लीं, मळे वाळले, आणि हजारों बेटकरी पोट भरण्यासाठीं चिलीसारख्या दूरदेशीं गेले. चढणीवर कोठें कोठें झुडपांत लपलेले ओस गडगे दिसतात, ते त्याच काळाची साक्ष देतात.

दुसरें उदाहरण आपल्या देशाशीं जोडलेलें आहे. म्ल्येत बेटावर पूर्वीं विषारी सापांचा मोठा सुळसुळाट होता. हे साप आपल्या फुरशाच्याच कुळांतले. प्रेषितांचीं कृत्यें या पुस्तकांत पौलाचें गलबत फुटून तो ज्या बेटावर पोंचला व जेथें त्याच्या हातास साप झोंबला, त्याचें ग्रीक नांव मेलिते. बहुतेक विद्वान् तें बेट माल्टा समजतात. पण म्ल्येतचें प्राचीन नांवही तेंच असल्यामुळें तो मान म्ल्येतला देणारेही झाले आहेत, आणि ते तेथील सापांचा दाखला देत. १९१० सालीं या सापांच्या नाशासाठीं भारतीय मुंगसें मुद्दाम आणून तेथें सोडण्यांत आलीं. त्यांनीं साप जवळजवळ संपविले. मग तीं पक्ष्यांकडे, त्यांच्या अंड्यांकडे व लोकांच्या कोंबड्यांकडे वळलीं. पाहुणा कामापुरता बोलाविला होता. तो घरधनी होऊन बसला. आज त्याच म्ल्येतचा पश्चिम भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तेथील खाऱ्या पाण्याच्या दोन सरोवरांच्या कांठानें सायकल चालविणें हा या प्रवासांतील अत्यंत शांत दिवस होय.

आपणही बेटावरचे पाहुणेच, हें प्रवाशानें विसरतां कामा नये. जुलै-ऑगस्टमध्यें ऊन कडक, गर्दी फार आणि पाण्याची ओढ मोठी. याच दिवसांत एका ठिणगीनें पाइनच्या झाडांचीं वनें पेटतात. म्हणून मे, जून किंवा सप्टेंबर पसंत करावा. वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, ही संवय आधीं करून घ्यावी. डोक्यावर शिरस्त्राण असावें. पाणी बेतानें वापरावें, कचरा नौकेवर परत आणावा, आणि गडग्याचा एकही दगड हलवूं नये.

एवढ्या लांब जाणें सर्वांस शक्य नाहीं. पण ही रीत आपल्याही किनाऱ्यावर चालते. वेशवी-बागमांडले, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या खाड्यांवर फेरीबोटी आहेत आणि त्यांवर सायकल घेतात. वडील मंडळींच्या सोबतीनें सुटींतले दोन दिवस असे घालविले, तर खाडी कशी होते, भरतीची वेळ कशी बदलते आणि चढण कोणत्या दिशेस आहे, हें मुलांस पुस्तकावांचून कळेल. मात्र तेथेंही नियम तोच : ओझें थोडें न्यावें, मागें कांहीं टाकूं नये, आणि वारा काय म्हणतो तें आधीं ऐकावें.