दाढ निघाली, पुढचे चोवीस तास

सकाळी साडेनऊला दिंडोरी रोडवरच्या आमच्या दवाखान्यात पहिलं काम असतं ते ऑटोक्लेव्ह उघडण्याचं. धुऊन पाकिटांत बंद केलेले चिमटे, एलिव्हेटर, आरसे १२१ अंशांच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटं राहिलेले असतात. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललाय की नाही, हे मदतीला ताई असल्या तरी मी स्वतः बघते. आणि पाकीट फाडते ते पेशंटसमोरच. आधीच्या माणसाच्या तोंडातली हत्यारं तशीच आपल्या तोंडात आलेली नाहीत, हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

दहा वाजता बाकडी भरतात. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या एसटीतून उतरलेली माणसं, मार्केट यार्डातले हमाल, शाळेच्या गणवेशातली एखादी पोर. ज्यांना खासगी खर्च झेपणार नाही त्यांना मी पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात पाठवते. हाडात आडवी रुतलेली अक्कलदाढ असेल तर तोंडाच्या सर्जनकडे. उरलेल्यांतल्या बहुतेकांनी दुखणं महिनोन् महिने अंगावर काढलेलं असतं. ठणक्यावर कुणी लवंगेचं तेल लावतं, कुणी मशेरी दाबतं. कुणी अ‍ॅस्पिरिनची गोळी गिळण्याऐवजी हिरडीवर ठेवून झोपतं, आणि सकाळी तिथली कातडी भाजून पांढरी पडलेली असते.

साडेदहाच्या सुमारास पेठकडच्या एक आजी खुर्चीवर बसतात. खालचा पुढचा दात बोटानेही हलतोय. मी चिमट्याला हात लावण्याआधीच त्या माझा हात धरतात. "बाई, दात काढला तर डोळे जातील ना माझे?"

हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की त्याचं उत्तर घाईत द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलंय. दातांना जाणीव पुरवणारी नस वेगळी आणि डोळ्यांना दृष्टी देणारी नस वेगळी. चेहऱ्याच्या त्या मोठ्या नसेला तीन फांद्या आहेत. एक कपाळाकडे आणि डोळ्याभोवती जाते, दुसरी वरच्या जबड्याला, तिसरी खालच्या. म्हणून वरची दाढ ठणकली की कळ डोळ्यापर्यंत गेल्यासारखी वाटते. शिवाय दात पडायला लागतात त्याच वयात मोतीबिंदूही येतो, आणि माणसं दोन्हींची सांगड घालतात. "आजी, धूसर दिसतंय ते मोतीबिंदूने. दात निघाला की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, मी चिठ्ठी देते." आजी हात सोडतात. या भीतीपायी तोंडात पू घेऊन वर्षानुवर्षं जगणारी माणसं मी बघितली आहेत, आणि त्याचा मला खरंच राग येतो. राग त्यांचा नाही. त्यांना कुणी नीट बसून सांगितलेलं नसतं, त्याचा.

साडेअकराला आजचं मोठं काम. दिंडोरी तालुक्यातले चाळिशीतले द्राक्षबागायतदार, खालची डावी पहिली दाढ. निम्मी किडून फुटलेली, मुळाशी पू. रूट कॅनल सांगितलं होतं तेव्हा हातातला पैसा बागेत गेला. आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही. "मॅडम, आजच काढून टाका. उद्या छाटणीची टोळी येणार आहे बागेत."

आधी माझे प्रश्न. जेवण झालंय का? उपाशीपोटी दात काढायला येऊ नये, घाबरून चक्कर येते. साखर, ब्लडप्रेशर, दमा, हृदयाचा काही त्रास? रोजच्या गोळ्या कोणत्या? कशाची अ‍ॅलर्जी? मग एक्स-रे. त्यात दोन मुळं दिसतात, मागचं टोकाशी वळलेलं.

सुई टोचते ती जबड्याच्या मागच्या बाजूला, नस हाडात शिरते तिथे. औषध हळूहळू सोडायचं. घाईने सोडलं तर तेच दुखतं. मग पाच मिनिटं थांबायचं. भुलीचं हे औषध, लिग्नोकेन, स्वीडनमधल्या निल्स लॉफग्रेन या रसायनशास्त्रज्ञाने १९४३ साली तयार केलं. त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८४४ मध्ये, अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढवून घेतली होती. त्याआधीच्या माणसांनी हे कसं सोसलं असेल, हा विचार त्या पाच मिनिटांत माझ्या मनात बऱ्याचदा येतो.

"ओठ जड झाला?" ते मान हलवतात. मी टोकदार प्रोब हिरडीत टोचून बघते. पापणी लवत नाही. "भाऊ, आता दुखणार नाही. पण दाब कळेल आणि कडकड आवाज येईल. आवाजाला घाबरायचं नाही. दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन." हे वाक्य मी कधीच गाळत नाही. भूल दुखणं घालवते, दाबाची जाणीव नाही घालवत. हे आधी सांगितलं नाही तर माणूस दाबालाच वेदना समजून दचकतो.

दाढ ओढून निघत नाही. हिरडी सोडवायची, एलिव्हेटरने दाढेभोवतीची पकड सैल करायची, मग चिमट्याने गालाकडे आणि जिभेकडे सावकाश झुकवत हाडाचा खळगा थोडा थोडा रुंद करायचा. मनगटाला एका क्षणी कळतं की आता दाढ सुटली. बाहेर आल्यावर मी ती उजेडात धरते. दोन्ही मुळांची टोकं शाबूत, वळलेलंसुद्धा. खळगा दोन बोटांनी दाबून जवळ आणायचा, त्यावर गॉजची घट्ट घडी आणि चावा. काढायला लागली दहा-बारा मिनिटं.

माझं निम्मं काम इथे संपतं. उरलेलं निम्मं पेशंटच्या हातात असतं आणि ते पुढचे चोवीस तास चालतं. म्हणून दुपारी बाराला मी त्यांच्या सोबत आलेल्या पत्नीलाही आत बोलावते.

खळग्यात आता रक्ताची गुठळी जमेल. गुडघा खरचटल्यावर खपली धरते ना, तसंच हे. खाली हाड उघडं आहे आणि त्याच्यावर एवढं एकच पांघरूण. गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, मधे उघडून बघायचं नाही. लाळ गिळायची. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. तोंडातली ओढ गुठळीला उपटते. ओठ बधीर आहे तोवर काही चावायचं नाही, नाहीतर स्वतःचाच गाल चावला जातो. बाहेरून फडक्यात गुंडाळून बर्फ, दहा मिनिटं लावायचा, दहा मिनिटं थांबायचं. गरम शेक नको. आज दहीभात, गार केलेली मऊ खिचडी, ताक, आईस्क्रीम. चहा गार करून. मिसळ आठवडाभर नाही. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या.

आणि तंबाखू. वहिनी लगेच त्यांच्याकडे बघतात. मी म्हणते, निदान तीन दिवस अजिबात नाही, आणि तीन दिवस राहता आलं तर चौथाही राहून बघा.

दुपारी तीन ते पाच इतर कामं: फिलिंग, कॅप, सातव्या दिवसाचे टाके काढणं. त्यातच एक काका आले. स्टेंट बसवलेलं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, आणि दात काढायचा म्हणून कुणालाही न विचारता चार दिवस गोळ्या बंद केलेल्या. त्यांना तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. एका दाताचं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती आमच्या खुर्चीवर कोण काढणार?

साडेपाचला सातपूरच्या कारखान्यातला तरुण कामगार. दाढ दुसरीकडे काढून तिसरा दिवस. काल बरं वाटत होतं, आज कळ कानापर्यंत जातेय, तोंडाला घाण वास, गोळीने फरक नाही. आरशात खळगा रिकामा दिसतो, तळाशी करडं हाड. गुठळी गेलेली. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण त्याच्या खिशात पुडी होतीच. दाढ काढल्याच्या संध्याकाळीच तो खाऊन थुंकला होता. मी रागावले नाही. कोमट सलाईनने खळगा धुतला, लवंगेच्या अर्काचं औषध लावलेली पट्टी आत ठेवली. थोड्याच वेळात त्याचे आवळलेले खांदे सैल झाले. दोन दिवसांनी पट्टी बदलायला ये म्हटलं. हे दुखणं बरं होतं, पण आठवडा-दहा दिवस खातं.

सात वाजता बागायतदारांच्या घरून फोन. "मॅडम, रक्त थांबतच नाहीये."

"थुंकतायत का ते?"

क्षणभर कुणीच बोलत नाही. मग, "हो."

थोडंसं रक्त वाटीभर लाळेत मिसळलं की वाटीभर रक्तच दिसतं. नवा गॉज, घट्ट चावा, अर्धा तास, घड्याळ लावून. त्यानंतरही तोंड रक्ताने भरत राहिलं तर रात्र असली तरी निघून या, असं सांगितलं. पाऊण तासाने पुन्हा फोन आला. थांबलं होतं.

साडेनऊला दवाखाना बंद करण्याआधी आज दात काढलेल्या प्रत्येकाला मी फोन करते. आजी दूध-भात खाऊन झोपल्या होत्या. बागायतदारांना उद्याची काळजी. "टोळी येणार मॅडम, जाऊ ना?" जा, पण उभं राहून काम सांगा. पाठीवर पंप नको, वजन उचलणं नको, उन्हात वाकणं नको. झोपताना उशी उंच घ्या. सूज दोन-तीन दिवस वाढेल आणि मग उतरेल. ताप आला, तोंड उघडेनासं झालं किंवा गिळायला त्रास झाला तर वाट न बघता या. हिरडी तीन-चार आठवड्यांत जुळते, आतलं हाड भरायला काही महिने लागतात. ती जागा कायमची रिकामी ठेवू नका, शेजारची दाढ त्या फटीत कलते.

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. दात काढायला जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या, रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आणि निघताना डॉक्टरांचा रात्री लागणारा नंबर मागून घ्या. रक्त थांबेना तर शेजाऱ्याला विचारण्याआधी त्या नंबरवर फोन करा.