हिम, हिंव आणि बर्फ : शहापूर–मुरबाडच्या हिवाळी चढाईच्या अनुषंगाने एक अर्थविचार

१

थंडीच्या ऋतूस मराठीत ‘हिवाळा’ म्हणतात. हा शब्द ‘हिमकाल’ या रूपापासून आला, हे भाषेच्या अभ्यासकास ठाऊक असते. मात्र त्यातील विसंगती सहसा ध्यानात येत नाही. ज्या ऋतूचे नाव हिमावरून पडले, त्या ऋतूत महाराष्ट्रात हिम पडतच नाही. तेव्हा या नावात हिम आले कोठून, आणि येथे पोहोचल्यावर त्याचे झाले काय, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके विशेष सोयीचे आहेत. सह्याद्रीची मुख्य धार त्यांच्या पूर्व सीमेवरून जाते. शहापूर तालुक्यात माहुलीचा गड (सुमारे ८६० मीटर) व आजोबा पर्वत (सुमारे १,३७० मीटर) आहेत. मुरबाड तालुक्यात गोरखगड, मच्छिंद्रगड व सिद्धगड असून त्याच्याच सीमेवर नाणेघाट आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. शहापूरच्या ईशान्येस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) उभे आहे. पावसाळा सरला की या डोंगरांवर चढाई करणाऱ्यांची ये-जा सुरू होते, आणि त्यांपैकी काही जण पुढे त्याच हिवाळ्यात हिमालयातील हिमाच्छादित शिखरांकडे वळतात. डोंगर बदलतो, पायाखालची भूमी बदलते. परंतु शब्द तेच राहतात. ते दोन्हीकडे सारखेच उपयोगी पडतात काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम रूपाचा विचार करू. संस्कृतातील दोन स्वरांमधील ‘म’काराचा मराठीत येताना सानुनासिक ‘व’कार होतो, हा परिचित नियम आहे. ‘ग्राम’चे ‘गाव’, ‘नाम’चे ‘नाव’ व ‘श्यामल’चे ‘सावळा’ झाले, त्याच न्यायाने ‘हिम’चे ‘हिंव’ झाले. ‘उष्णकाल’पासून ‘उन्हाळा’ झाला, तसाच ‘हिमकाल’पासून ‘हिवाळा’. यात अपवादात्मक असे काहीच नाही.

अर्थाचा प्रवास मात्र दीर्घ आहे. ज्या धातुमूळापासून ‘हिम’ व ‘हेमन्त’ हे शब्द निघाले, त्याच मूळाचे शब्द इतर भारत-युरोपीय भाषांतही आढळतात. ग्रीक ‘खिओन’ म्हणजे पडलेले हिम. लॅटिन ‘हिएम्स’, रशियन ‘झिमा’ व लिथुएनियन ‘झिएमा’ म्हणजे हिवाळा. फारसी ‘जमिस्तान’ या शब्दातही तेच मूळ आहे. वैदिक भाषेत हिवाळ्यांवरून वर्षे मोजण्याचा प्रघात होता, आणि लॅटिनमध्ये दोन वर्षांच्या वासरास लावावयाचे ‘बीमुस’ हे विशेषणही मुळात ‘दोन हिवाळ्यांचा’ याच अर्थाचे आहे. तात्पर्य, हा शब्द जेथे प्रथम रूढ झाला तेथे हिवाळा आणि हिम या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

हा शब्द बोलणाऱ्यांच्या पिढ्या दक्षिणेकडे सरकत गेल्या आणि हिम मागे राहिले. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहनांचा जो प्राकृत शिलालेख आहे, तो या भाषिक प्रवासाच्या मधल्या अवस्थेचा साक्षीदार आहे. मराठीचे पूर्वरूप या घाटवाटांवर वावरू लागले, तेव्हा ‘हिम’ या शब्दास त्याचा मूळ पदार्थ दाखविता येणे येथे शक्य उरले नव्हते.

३

येथे हिम का पडत नाही, याचे कारण केवळ उंचीत नाही. हवा उंचीबरोबर दर हजार मीटरांस सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. शहापूर व कळसूबाईचा माथा यांच्या उंचीत सुमारे दीड हजार मीटरांचे अंतर आहे. म्हणजे तापमानात सुमारे दहा अंशांचा फरक पडावा. डिसेंबरच्या दुपारी पायथ्याशी ३० अंश असता माथ्यावर २० अंशांच्या आसपास असणार. या अक्षांशावर गोठणबिंदूची पातळी हिवाळ्यातही चार हजार मीटरांहून वर असते. शिवाय हिमवृष्टीस थंडी आणि ओलावा यांची गाठ पडावी लागते. येथे ओलावा जून ते सप्टेंबर या काळात येतो आणि थंडी डिसेंबर–जानेवारीत. त्या दोघांची भेट होत नाही. उलट पश्चिम हिमालयात ऐन हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ ओलावा घेऊन येतात, आणि म्हणून तेथे हिवाळा हाच हिमाचा ऋतू ठरतो.

मग शहापूर–मुरबाडच्या डोंगरावर मार्गशीर्षात चढणाऱ्यास काय भेटते? निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे झपाट्याने सोडते. तिच्या लगतची हवा थंड व जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे पहाटे वरील हिशेब कित्येकदा उलटा होतो. पायथ्याचे गाव अधिक गार असते, आणि पाचसहाशे मीटर वर चढून गेलेल्यास हवा उबदार लागते. खाली साचलेल्या याच गार हवेत धुके धरते, आणि कोकणकड्यावरून पाहणाऱ्यास खालचा प्रदेश एखाद्या पांढऱ्या सागरासारखा दिसतो. पाठीमागे सूर्य व समोर धुके असता कड्यावर उभ्या असलेल्या माणसास आपली छाया पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्यात दिसते. कर्नल साइक्स यांनी हरिश्चंद्रगडावरून पाहिलेल्या या दृश्याचे वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झाले. मराठी गिर्यारोहक त्यास ‘इंद्रवज्र’ म्हणतात.

आणखी एक विशेष असा की, कोकणाच्या अंगाचे हे कडे पश्चिमाभिमुख आहेत. मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून कोकणकड्याकडे चढणाऱ्या ‘नळीच्या वाटे’सारख्या मार्गावर सकाळी उशिरापर्यंत ऊन पोहोचत नाही. चढणारा गारठ्यात चढू लागतो आणि दुपारी तापलेल्या कातळाशी येऊन पोहोचतो. सकाळी गवत दंवाने ओले व निसरडे असते. पुढे हिवाळा वाढला की तेच गवत वाळून पायाखाली सरकू लागते. पावसाने मोकळी केलेली माती व दगड उतारावर सुटे पडलेले असतात. सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. रात्र सुमारे तेरा तासांची. येथे हिमाचा धोका नाही. परंतु वेळ चुकलेल्यास दंव, अंधार आणि घसारा यांचा धोका खराच आहे.

४

या परिस्थितीशी मराठी शब्द कसे जुळले ते पाहण्याजोगे आहे. ‘हिंव’ या शब्दाने डोंगरावरील पदार्थ सोडून शरीरातील संवेदनेचा आश्रय घेतला. ‘हिंव वाजते’, ‘हिंव भरले’ या प्रयोगांत हिंव बाहेर नसून अंगात आहे. थंडी वाजून येणाऱ्या तापास ‘हिवताप’ म्हणतात आणि आजही आरोग्यखात्याच्या व्यवहारात हाच शब्द रूढ आहे. एकाच शब्दाने ग्रीक माणूस शिखरावरील हिम दाखवी, आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा माणूस आपल्या अंगातील कापरे दाखवितो. याला अर्थाचा ऱ्हास म्हणणे योग्य होणार नाही. पदार्थ नाहीसा झाल्यावर शब्दाने त्या पदार्थाचा उरलेला परिणाम तेवढा जपला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होय.

आकाशातून पडणारा घन पदार्थ म्हणून या मुलखास फक्त गारांचा परिचय आहे. ‘गार’ हे विशेषण, ‘गारठा’ हे नाम आणि गारगोटीस लावला जाणारा ‘गार’ हा शब्द यांची जवळीक सहज जाणवते. ‘दंव’ मात्र वस्तुतः पडत नाही. ते जागच्या जागी जमते. तरीही मराठीत दंव ‘पडते’, धुके ‘पडते’ आणि थंडीही ‘पडते’. ‘पडणे’ या क्रियापदाचा विस्तार मराठीत मोठा आहे. अंधार पडतो, ऊन पडते, दुष्काळही पडतो. सबब त्यावरून हिमाच्या स्मृतीचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. परंतु या क्रियापदामुळे एक गोंधळ मात्र नित्य होतो. कडक थंडीत महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या परिसरात दंव गोठते, आणि ‘महाबळेश्वरी बर्फ पडला’ अशी वार्ता सर्वत्र पसरते. पडलेले काहीच नसते. जमलेले दंव तेवढे गोठलेले असते.

याच्या उलट, जेथे पायाने पिढ्यान्‌पिढ्या परीक्षा घेतली आहे तेथे शब्द विलक्षण नेमके आहेत. धार, सोंड, पदर, नाळ, खिंड, कडा, सुळका, माची हे शब्द भूरूप दाखवितात, आणि त्याबरोबरच तेथे चालावे कसे तेही सुचवितात. ‘घसारा’ एवढे म्हणताच सुट्या मातीदगडांचा, पाय न ठरणारा उतार डोळ्यांपुढे येतो व पाऊल आपोआप सावध पडते. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व कुणबी यांच्या वस्त्या ज्या डोंगरांच्या कुशीत आहेत, तेथे सरपण, गुरे, बाजार व नातीगोती यांसाठी चढउतार करावाच लागे. अशा गरजेतून घडलेली शब्दसंपत्ती चुकीस फारशी जागा ठेवीत नाही.

५

‘बर्फ’ या शब्दाचा इतिहास याहून वेगळा आहे. फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारे मऊ, पांढरे हिम. पाणी गोठून झालेल्या कठीण पदार्थास तेथे ‘यख’ असा निराळा शब्द आहे. ‘बर्फी’ या मिठाईच्या नावात शुभ्र हिमाचा हा मूळ अर्थ टिकून आहे. मराठीत मात्र ‘बर्फ’ म्हटले की लादी, खडा किंवा चुरा आठवतो. हा पालट कसा झाला असावा, याचा अंदाज करता येतो. १८३३ साली अमेरिकेतून कलकत्त्यास जहाजाने बर्फ आला आणि त्यानंतर लवकरच तो मुंबईसही येऊ लागला. पुढे कारखान्यांतून तो तयार होऊ लागला. येथील सामान्य माणसास गोठलेले पाणी प्रथम भेटले ते भुशात ठेवलेल्या कठीण ठोकळ्याच्या रूपाने. पदार्थ बदलला, तसा अर्थ बदलला.

अशा रीतीने मराठीत दोन शब्द आपापल्या जागेवरून सरकले. हिम दाखविणारा देशी शब्द अंगातील थंडीकडे गेला, आणि हिम दाखविणारा परका शब्द कठीण बर्फाकडे गेला. मध्यंतरी जी जागा रिकामी राहिली, ती म्हणजे पर्वतावर प्रत्यक्ष पडलेल्या हिमाची.

६

सह्याद्रीत ही रिकामी जागा कोणास जाणवत नाही. हिमालयात मात्र ती पायाशी येते. उत्तराखंडातील सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या केदारकंठ शिखरावर डिसेंबरात जाणाऱ्यांत मराठी तरुण बरेच असतात. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण यांनी व २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या गिर्यारोहकांनी एव्हरेस्टचा माथा गाठला. तेव्हापासून हिमपर्वतांविषयीचे मराठी लेखनही वाढले. त्या लेखनात व बोलण्यात ‘बर्फ’ हा एकच शब्द निदान तीन वस्तूंसाठी वापरला जातो : नुकतेच पडलेले भुसभुशीत हिम, वाऱ्याने वा वजनाने दबून घट्ट झालेले हिम, आणि पाणी गोठून झालेला काचेसारखा बर्फ.

हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. भुसभुशीत हिमात पाय गुडघ्यापर्यंत रुततो व दम जातो. घट्ट हिमात बुटाच्या टोकाने पायरी पाडून चढता येते. परंतु त्याचाच थर खालच्या कमकुवत थरावर बसलेला असेल तर उतारच्या उतार सुटून हिमस्खलन होते. कठीण बर्फावर तर साधा बूट टिकतच नाही. तेथे लोखंडी दातांचा क्रॅम्पॉन बांधावा लागतो. हिवाळ्याच्या आरंभी हा प्रश्न अधिक बिकट असतो. ओहोळांचे व झऱ्यांचे पाणी वाटेवर गोठलेले असते आणि नव्या हिमाचा पातळ थर त्यास झाकून टाकतो. दोरावरील पुढच्या माणसाने ‘पुढे बर्फ आहे’ असे ओरडून सांगितले, तर मागच्यास काय समजावे? सह्याद्रीत ‘घसारा’ हा शब्द जी सूचना देतो, ती येथे ‘बर्फ’ हा शब्द देत नाही.

तेव्हा उपाय काय? एक मार्ग असा की, ‘हिंव’ या शब्दास त्याचा मूळ अर्थ परत द्यावा. गढवाली व कुमाउंनी भाषांत हिमास ‘ह्यूँ’ म्हणतात, नेपाळीत ‘हिउँ’. ‘हिंव’ या मराठी शब्दाची ही सख्खी भावंडे होत. नेपाळीतील ‘हिउँद’ म्हणजे हिवाळा. केदारकंठाच्या वाटेवर स्थानिक वाटाड्याच्या तोंडून मराठी माणसास आपलाच शब्द, मूळ पदार्थासह, ऐकू येत असतो. तथापि व्युत्पत्ती कितीही मोहक असली तरी शब्दाचा अर्थ वापर ठरवितो, मूळ नव्हे. ‘हिंव’ मराठीत अंगात शिरले आहे. ‘हिंव भरले’ ही सूचना पर्वतावरही शरीर गारठू लागल्याचीच सूचना राहील, आणि तशी ती राहणे हिताचेही आहे. ‘बर्फ’ शब्दासही फारसीतील अर्थ परत देता येणार नाही.

व्यवहार्य मार्ग असा दिसतो की, पडलेल्या पदार्थास सर्वत्र ‘हिम’ म्हणावे व त्यास ‘भुसभुशीत’, ‘घट्ट’ अशी विशेषणे लावावीत; ‘बर्फ’ हा शब्द गोठलेल्या कठीण पाण्यापुरताच राखावा; आणि पृष्ठभागावर जमलेल्या पातळ थरास ‘गोठलेले दंव’ असे सरळ म्हणावे. हिमनदी, हिमवर्षाव, हिमदंश, हिमस्खलन या रूढ सामासिक शब्दांनी ‘हिम’ची वाट आधीच मोकळी केली आहे. शिवाय हा दोन अक्षरांचा शब्द वाऱ्यातही ओरडून सांगता येतो. ‘इंद्रवज्र’ हा शब्द जसा कोणत्याही परिभाषा-समितीच्या ठरावाशिवाय डोंगरावरच्या वापराने रूढ झाला, तसाच हा भेदही रूढ होऊ शकेल.

भाषेच्या अभ्यासकाचे काम एवढ्यावर संपत नाही. हिमालयासाठी नवे भेद करीत असता शहापूर–मुरबाडच्या वाड्यापाड्यांतून जे नेमके शब्द बोलले जातात, त्यांची वस्तूसह, जागेसह व ऋतूसह नोंद होणे अगत्याचे आहे. सरपणाची व बाजाराची पायवाट सुटली की तिच्यावरचे शब्दही सुटतात. ‘हिम’ या शब्दाचा पदार्थ मागे राहिला तरी शब्द टिकला. या डोंगरातील शब्दांच्या बाबतीत भय नेमके उलट आहे : पदार्थ जागच्या जागी राहील, आणि त्याला हाक मारावयास शब्द उरणार नाही.