खाली बसवलेली गाडी आणि आतून झिजणारा टायर

आपली जुनी चप्पल उलटी करून पाहा. टाच बहुतेक वेळा एकाच कडेला जास्त झिजलेली दिसते, कारण पाऊल जमिनीवर सपाट पडत नाही. आखूड स्प्रिंग टाकून खाली बसवलेल्या गाडीच्या टायरचंही तसंच होतं. बाहेरून नक्षी ठणठणीत, आतली कड मात्र गुळगुळीत!

चाक कुठे झुकतं?

चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्या बिजागरीवरच्या दारासारख्या वरखाली फिरतात. गाडी खाली आली की त्यांचा कोन बदलतो आणि बहुतेक गाड्यांत चाकाचा माथा आत कलतो. हा कल म्हणजे कॅम्बर. त्यामुळे आतल्या कडेवर भार वाढतो.

पण जास्त नुकसान करतो तो टो. स्टिअरिंगच्या दांड्याही तिरक्या होतात आणि चाकांची तोंडं किंचित आत किंवा बाहेर वळतात; हे वळणं म्हणजे टो. मग चाक नुसतं फिरत नाही, खोडरबरासारखं रस्त्यावर आडवं घासत जातं. भार आणि घासणं एकाच कडेवर आलं की ती झपाट्याने संपते.

उपाय काय?

गाडी खाली केली की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन पुन्हा जुळवणं, कराच. आधी कॅम्बर, मग टो. कारण कॅम्बर हलवला की टोही हलतो. अधूनमधून स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली कड टॉर्चने पाहा. खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीच्या खुणा असतात. नक्षी तिथवर झिजली, की टायर बदला. ब्रेकची पकड त्या कडेवरही अवलंबून आहे.